छत्तीस आडवे, अठरा उभे

“तिथं रेघ जोडू नकोस, मोहिनी. उघडी राहू दे. तिथून गलबतं जायची आहेत.”

बाईंचा आवाज इतका जवळून आला, की मी हात तसाच अधांतरी धरून मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी होत होती, आत यांच्या मोबाइलवर भूपाळी लागली होती. मी तुळशीपुढं गोपद्मं काढत बसले होते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज तेहतीस, गाईच्या खुरांची, चिमटीतून बारीक रांगोळी सोडत. हे पाचवं वर्ष, म्हणजे शेवटचं. पाच चातुर्मासांत एकदाही मोजणी चुकली नव्हती, अंगात ताप असतानासुद्धा नाही. आणि आज चिमटीतली रांगोळी एकाच जागी पडत राहिली, तिचा छोटा ढीग झाला, आणि मला आठवेना, की हे एकोणिसावं की एकविसावं. परत पहिल्यापासून मोजायला लागले. सतरा. म्हणजे मी पुढं नव्हते गेले, मागंच होते. उरलेली कशीबशी पुरी केली, हळदकुंकू वाहिलं, पण हात जोडल्यावर डोळ्यांपुढं तुळस येईना. साक्रीच्या शाळेची पडवी आली, आणि तिच्या शहाबादी फरशीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी.

सगळं काल दुपारच्या फोनमुळं. ललिता माझी साक्रीच्या शाळेतली मैत्रीण. आता धुळ्यात, देवपुरात असते. आम्ही वर्षातून दोनदा बोलतो, संक्रांतीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मधेच फोन आला, म्हणून मी हातातलं काम टाकून घेतला.

“अवं, बोरसे बाईंकडे जाऊन आले,” ती म्हणाली. “पुतण्याकडं असतात ना, आमच्या पुढच्याच गल्लीत. खाणं सुटलंय. डॉक्टर म्हणे, आता घरीच ठेवा. मला वळखलं नाही. म्हटलं, बाई, मी ललिता, शेवटच्या बाकावरची. तर म्हणतात कशा, माझ्या वर्गात शेवटचा बाक नव्हताच!” ललिता हसली. “तुझं विचारत होत्या. म्हणजे नाव नाही घेतलं. ‘ती रांगोयीवाली पोर परत ऊनी का?’ असं. तीनदा विचारलं. मी म्हटलं, कुठून परत? तर म्हणे, ‘समुद्रमा शे अजून.’ आता यात मी काय सांगू त्यांना?”

“बाई अहिराणी बोलल्या?” मला तेवढंच सुचलं. आमच्या तोंडून वर्गात ‘आहे’च्या जागी ‘शे’ निघालं, की बाई रागवायच्या नाहीत, नुसत्या हसून थांबायच्या, आम्ही तेच वाक्य पुस्तकातल्यासारखं पुन्हा म्हणेपर्यंत.

“आता बठ्ठं अहिराणीच. तू ये. लवकर ये. मला नाही वाटत दिवाळी बघतील.”

“बघते,” मी म्हटलं.

“बघते म्हणजे?”

“चातुर्मास आहे ना गं.”

तिला माहीत होतं. साक्रीत माझ्या माहेरच्या सगळ्यांनाच माहीत आहे. परवाच्या साली, चातुर्मासातच, माझा चुलत भाऊ लोटन गेला, माझ्याच बरोबरीचा, एका ताटात जेवलेला. त्याच्या दहाव्यालासुद्धा मी गेले नाही. इथं बसून माळ ओढली. वहिनी म्हणाली होती, तिचा देव तिला लखलाभ. मी ते ऐकून घेतलं, कारण तिचं काही चूक नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, यांना अटॅक आला. दवाखान्यातल्या काचेच्या दाराबाहेर मी बसले होते आणि आत ते निळ्या चादरीखाली इतके लहान दिसत होते, की मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी आणून ठेवलंय. तेव्हा मी देवाला म्हटलं, यांना उठव. पाच चातुर्मास तेहतीस गोपद्मं काढीन, आणि चातुर्मासात नदी ओलांडणार नाही. नदी का, ते मला आजही सांगता येत नाही. माझी आई पाळायची, तेच तोंडी आलं असेल. माणूस घाबरला की त्याच्या तोंडून त्याच्या घरातलं जुनं बोलणंच बाहेर पडतं. हे उठले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला आणि बिनसाखरेचा दिला म्हणून नर्सशी भांडले. तेव्हापासून दरवर्षी चार महिने माझं जग जळगावपुरतं. पिंप्राळ्याच्या आमच्या घरापासून धुळ्याच्या रस्त्याला लागलं, की थोड्या वेळात गिरणा लागते. पलीकडं एरंडोलची अंजनी, पारोळ्याची बोरी, आणि देवपूर तर पांझरेच्याही पलीकडं. चार नद्या. आणि कार्तिकी एकादशीला अजून दीड महिना. दीड महिना मी काढते. मला सवय आहे. बाई काढतील का, एवढाच प्रश्न. आणि तो मी देवापुढं ठेवला, तर देवापुढं आधीच ठेवलेला एक माणूस तिथं बसलेला असतो, आणि त्याच्याकडे बघितलं की माझी जीभ उचलत नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, साक्री डेपोला. मी सातवीत होते. त्या वर्षी बाई नव्याने आल्या होत्या. धुळ्याहून रोज सकाळच्या गाडीने यायच्या, वडिलांच्याच गाडीने पुष्कळदा, आणि वडील घरी येऊन सांगायचे, तुझी बाई गाडीत पण वाचत असते, तिकीट घ्यायला दोनदा हाक मारावी लागते. बारीक, उंच, खांद्याला शबनम, कपाळाला काही नाही. आई म्हणायची, सवाशीण नाही की विधवा नाही, अशी कशी मोकळी. मला तो शब्द फार आवडला होता. इतिहासाच्या पुस्तकात जगाचा भाग अगदी शेवटी, थोडक्यात होता. परीक्षेला येत नाही म्हणून तो पुष्कळ जण सोडूनच द्यायचे. बाईंनी तो दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केला आणि सोडलाच नाही. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटचे दोन तास. समरकंद. व्हेनिस. कॉन्स्टँटिनोपल, त्याच्या भिंती, त्या पडल्या ती सकाळ. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारी काळी साथ. ती ऐकताना आम्ही सगळ्या पोरी पाय वर घेऊन बसलो होतो, आणि ललिताने मधेच माझ्या पाठीवरून बोटं फिरवून उंदीर केला तेव्हा मी अशी किंचाळले, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. बाई म्हणाल्या, “बरोबर. असंच झालं होतं तिथं.” त्या म्हणायच्या, हे सगळं लांबचं नाही. बऱ्हाणपूरचं कापड बैलांवर लादून सुरतेला जायचं ते आपल्या खानदेशातून, आणि सुरतेहून गलबतात बसून पार तिकडं. तुमच्या पणजीच्या पणजीने कातलेलं सूत कोणत्या राजाच्या अंगावर गेलं असेल, कोणी सांगावं. मी घरी येऊन आईच्या लुगड्याच्या धाग्याकडे बघत बसायचे.

शाळेत जगाचा नकाशा एकच होता, आणि त्याला वाळवी लागली होती. आफ्रिकेच्या उजवीकडचं सगळं खाल्लेलं. बाईंनी तो उघडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, “आपला भाग नेमका गेला की गं.” तेव्हा ललिता उठून म्हणाली, “बाई, मोहिनी काढील. ती पंचवीस ठिपक्यांची रांगोळी काढते.” मी खाली मान घातली. मला वाटलं, बाई हसतील. पण बाईंनी मला जवळ बोलावून विचारलं, ठिपक्यांवरून तुला रेघ कुठं जायची ते कसं कळतं. मी म्हटलं, ठिपका पडला की कळतं. बाईंना त्याचं काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पिशवीतलं नकाशाचं पुस्तक काढलं, त्यातल्या उभ्या-आडव्या रेघा मोजल्या, आणि म्हणाल्या, “मग छत्तीस आडवे, अठरा उभे. पृथ्वी एवढ्यात बसते.”

पृथ्वी एवढ्यात बसते! पडवीत गुडघे टेकून मी ठिपके घालत गेले, आणि बाई पुस्तक हातात धरून माझ्याबरोबर सरकत गेल्या. तिसऱ्या ठिपक्यापासून खाली. आता आत. आता पोट बाहेर. चिमटीतून आफ्रिका सुटत होती. खालचं टोक आलं, आणि तिथं बाई कोणाशी तरी बोलायला वळल्या, आणि माझा हात थांबला नाही. रांगोळीची रेघ उघडी सोडायची नसते. आईने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की उघड्या रेघेतून घरातलं बाहेर जातं. मी आफ्रिकेच्या टोकापासून रेघ तशीच पुढं नेली, खालच्या ठिपक्यांवरून, आणि पार मलायाच्या जमिनीला नेऊन भिडवली. आपला समुद्र छान बंद झाला. मधोमध भारत, चहूबाजूंनी काठ, जणू अंगणातलं तळं. मी त्यात एक कमळ काढायच्या बेतात होते.

बाई वळल्या. बघत राहिल्या. मला वाटलं, आता पुसायला लावतील. पण त्या माझ्याशेजारी फरशीवर बसल्या, साडीला रांगोळी लागली तरी, आणि म्हणाल्या, “अगं, तेरा शतकं युरोपातली शहाणी माणसं असंच समजत होती. त्यांच्या नकाशात हा समुद्र असाच बंद होता. आपल्याकडची माणसं त्यातून ये-जा करत होतीच. समुद्र उघडाच होता, नकाशात बंद होता.” मग त्यांनी माझं बोट धरलं. स्वतः पुसलं नाही, माझं बोट धरलं आणि टोकाशी ठेवलं. “इथं पूस. आणि परत तिथं रेघ जोडू नकोस, मोहिनी. उघडी राहू दे. तिथून गलबतं जायची आहेत.”

मी पुसलं. फरशी गार होती. बोटाला रांगोळीची खरखर लागली आणि ती निघून खाली गुळगुळीत दगड लागला. एवढंच. पण त्यानंतर देवळांच्या पायऱ्या झाल्या, लग्नाचं बोहलं झालं, मुलगा झाला तेव्हाचं त्याचं ओलं डोकं झालं. माझ्या या बोटाने पुष्कळ काही चाचपलं, तरी त्या दिवशीसारखं, की मी बोट सरकवलं आणि त्या जागेतून वारा आला, असं परत झालं नाही. देवाच्या दारात व्हायला हवं होतं, असं म्हणतात. झालं नाही. मी नेम वाढवत गेले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग एकादशा, मग मौनाचा एक तास. लोक म्हणतात, मोहिनीताईंचं मन किती शांत. मला कधी कधी माळ ओढताना मण्यामण्याला समरकंद, लिस्बन, मलाक्का असं येतं, आणि मी घाबरून पहिल्यापासून सुरू करते. हे मी कोणाला बोलले नव्हते.

रांगोळी ती. सोमवारी शिपाई झाडून टाकायचा. म्हणून दर शनिवारी मी ती नव्याने काढायची. ठिपके माझ्या हातात बसून गेले, पुस्तक लागेना. माझा पहिला नेम तोच असावा. मग बाईंनी मॅगेलनची सफर सुरू केली. पाच गलबतं, म्हणून पाच चिंचोके. ते त्यांनी स्पेनच्या काठावर ओळीने मांडले, आणि दर शनिवारी थोडे थोडे पुढं सरकवायचे. एक गलबत फुटलं; एक चिंचोका उचलून बाईंनी बाजूला ठेवला. एक पळून माघारी गेलं, दुसरा उचलला. “आणि पळाला तो कुठं गेला, बाई?” “घरी.” “मग बरं झालं की!” ललिता म्हणाली. बाई म्हणाल्या, “त्याला विचारायला हवं.” तीन चिंचोके अमेरिकेच्या खालच्या चिंचोळ्या वाटेतून पलीकडच्या मोठ्या समुद्रात शिरले. तिथं तीन महिने जमीन नाही. पाणी पिवळं पडलं, बिस्किटांचा भुगा झाला, आणि माणसं शिडाच्या काठीचं कातडं समुद्रात भिजवून, भाजून खाऊ लागली. त्या शनिवारी घंटा झाली तेव्हा कोणी उठलं नाही.

त्याच आठवड्यात वडिलांच्या बदलीचा कागद आला. जळगाव डेपो. जानेवारीचे दिवस, वर्षाच्या मधोमध. शाळेचा दाखला घ्यायला गेले तो नेमका शनिवार होता. मी म्हटलं, नकाशा काढून देते. काढला. बाईंनी तीन चिंचोके होते तिथं ठेवले, भर समुद्रात, आणि मला विचारलं, “तुला वाटतं का, हे पोचतील?” मी म्हटलं, “सांगा ना बाई. किती परत येतात?” बाईंनी मान हलवली. तीनमधला एक चिंचोका उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. “हे सांगायचं नाही. हे गलबत आता तुझं. किती निघाले, किती परतले, ते तू शोध, आणि येऊन मला सांग. हा चिंचोका परत आणून द्यायचा बरं का. माझा आहे तो.” मी म्हटलं, येईन. तेरा वर्षांच्या मुलीने म्हणावं तसं, लगेच, सोपं. फरशीवर मागं दोन चिंचोके राहिले.

जळगावच्या शाळेत तो भाग आधीच होऊन गेला होता. नव्या मैत्रिणीच्या वहीतून मी उतरवून घेतला. एकच ओळ होती: मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तुळशीला घालतो तशी प्रदक्षिणा. मग ते कातडं खाणारे लोक? किती? त्या वहीत माणसंच नव्हती. पुढं दहावी झाली, लग्न झालं. कोणाला विचारता आलं असतं का? आलं असतं. मुलगा शिकत होता, आता तर मोबाइलला विचारलं की तो सांगतो. मी विचारलं नाही. आधी लाज वाटायची, संसारात हे काय. आणि नंतर वाटायला लागलं, की कळलं तर संपेल. मला कळलं नाही, तोवर मी अजून त्या मोठ्या पाण्यावर आहे आणि काठावर कोणीतरी माझी वाट बघत उभं आहे. बाई खरंच उभ्या असतील, हे मात्र मी कधी धरलंच नव्हतं. हे माझं खरं पाप. चिंचोका देवघरात आहे, कुंकवाच्या करंड्याशेजारी. इतकी वर्षं त्याला गंधफूल मिळतं. सूनबाईने एकदा विचारलं, आई, हा कोणता देव? मी म्हटलं, माहेरचा.

आज दुपारी माझी नात रोशनी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसली होती. ती सातवीत आहे, इंग्रजी शाळेत. वाचते इंग्रजीत आणि मला मराठीत सांगते, म्हणजे तिला पाठ होतं. मी शेजारी गवार निवडत होते. तिने नकाशाचं पान उघडलं आणि पेन्सिलने आफ्रिकेला वळसा घातला, आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“रोशनी,” मी म्हटलं, “ते पाच गलबतं घेऊन गेले होते ना पृथ्वीभोवती. त्यातले किती परत आले गं?”

हा प्रश्न मनात धरून चाळीसच्या वर वर्षं झाली असतील. तिने पान उलटलं आणि शेंग मोडावी तसं सहज सांगितलं, “अठरा.”

“निघाले किती?”

“दोनशेसत्तरच्या आसपास. आणि गलबत एकच आलं. तुला काय करायचंय, आजी? तुझी परीक्षा आहे का?”

“आणि मॅगेलन?”

“तो तर मधेच मेला. एका बेटावर मारामारीत. मॅडम म्हणाल्या, सगळे इथंच चुकतात, लिहितात की त्याने चक्कर पूर्ण केली.” तिने पेन्सिल कानावर खोवली. “आणि हे बघ, इथं चौकटीत गंमत आहे. ते परत येताना एका बंदरात थांबले, तर काठावरचे म्हणाले, आज गुरुवार. हे म्हणतात, छे, बुधवार! आमच्याकडे रोज लिहिलंय. एकही दिवस चुकला नाही. पण पृथ्वीला चक्कर मारली ना, म्हणून त्यांचा एक दिवस हरवला. म्हणजे तुझ्यासारखं कोणी एकादशी करायचं त्यात, तर द्वादशीलाच झाली ती!” ती खिदळली. “सगळी साबुदाण्याची खिचडी वाया.”

“वाया कशी,” मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून आला. “पुढं काय केलं त्यांनी? परत आल्यावर?”

“पुढं... हां. अनवाणी चालत गेले. हातात मेणबत्त्या घेऊन, देवीच्या देवळात. सगळे अठरा. नवस बोलले होते ना वादळात.”

गवार निवडून झाली. मी पाटी घेऊन आत आले आणि ती ओट्यावर ठेवून उभी राहिले. त्यांनी रोज लिहिलं होतं. कातडं खात, हिरड्या सुजलेल्या, शेजारचा मेलेला, तरी आज अमुक वार म्हणून लिहिलं होतं, आणि त्या वाराचा उपास धरला होता, आणि शुक्रवारचा उपास शनिवारी पडत होता, रविवारची प्रार्थना सोमवारी. काठावरच्यांचे वार बरोबर होते. पण ते कुठं गेलेच नव्हते. आणि मग त्या अठरा जणांनी काय केलं? आमचं व्रत मोडलं म्हणून समुद्रात उडी नाही टाकली. चपला काढल्या आणि चालत गेले. देवीने त्यांना परत पाठवलं असेल का, की जा, आधी वार मोजून या? माझा देव तरी पाठवील का? मी देवघराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर निळी चादर दिसली असती. मी हात धुतले आणि यांच्यापुढं जाऊन बसले. हे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते.

“बाई फार आजारी आहेत धुळ्याला,” मी म्हटलं. “मला एक सांगायचंय त्यांना. एक वस्तू परत द्यायची आहे.”

हे मूळचे पारोळ्याचे. मनातलं बोलायचं असलं, की अहिराणीवर येतात. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “मंग जाय ना. मना जीव काय गिरणाना पूलवर टांगेल शे का? तू पूल उतरशी आनि मी आठे पडसू?”

“असं बोलू नये.”

“तू बोलत नही म्हनीसन मी बोली राहिनू. चार साल व्हयनात, तू माले दिवामाना तेलनागत जपी राहिनी.” मग त्यांनी कोडं बाजूला ठेवलं. “भ्याव वाटस का तुले?”

“वाटस,” मी म्हटलं.

हे जरा वेळ बोटाने पेपरची कडा सरळ करत बसले. मला वाटलं, हसण्यावारी नेतील. “माले बी वाटस,” ते म्हणाले. “पन जाय.”

चार वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं, की त्यांनाही भीती वाटते. मी त्यांच्या पायांकडे बघत बसले. टाचेला भेग पडली होती. रात्री तेल लावायला हवं, एवढंच मनात आलं. आणि आश्चर्य, की त्या भीतीशेजारी ही दुसरी भीती येऊन बसल्यावर दोन्ही जरा हलक्या झाल्या, एका ओझ्याला दोघांनी हात लावल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेहतीस काढली. मोजली, बरोबर होती. करंड्याशेजारचा चिंचोका उचलला. हळदीकुंकवाने तो लालपिवळा झाला होता, पुसला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून आत ठेवला. डबीत रांगोळी भरून घेतली. सूनबाई म्हणाली, “आई, तिकडं मिळेल की रांगोळी.” मी म्हटलं, “असू दे.” बाईंच्या खोलीत फरशी असेलच. ठिपके मला अजून येतात का, ते रात्रभर पडल्या पडल्या पांघरुणावर बोटाने घालून बघितलं होतं. येतात. टोकाशी बोट आपोआप थांबलं.

यांनी स्कूटरवरून पुलापर्यंत आणलं. धुळ्याची गाडी मी पलीकडच्या काठाला, बांभोरीला धरणार होते. पुलावरून केळीच्या घडांचे ट्रक चालले होते, त्यांच्या वाऱ्याने पदर उडत होता. मी चपला काढून पिशवीत घातल्या. डांबर अजून तापलेलं नव्हतं. कठड्याशी जाऊन खाली बघितलं. पाणी होतं, भादव्यातलं, गढूळ, एका बाजूने वाहणारं. त्यावर चिमूटभर कुंकू सोडलं. ते पाण्यापर्यंत पोचलं की वाऱ्याने नेलं, दिसलं नाही. मी नदीला म्हटलं, आई, मोडते आहे. चालत येते आहे. राहिलेले दिवस परत आल्यावर पुरे करीन, आणि वर जेवढे म्हणशील तेवढे. यांच्याकडे तेवढं बघ.

हे स्कूटर स्टँडला लावून अलीकडंच उभे होते. डोक्यावर टोपी, हात कमरेवर, अटॅक आलाच नव्हता असे.

“उद्याची तेहतीस तुम्हांला काढावी लागतील,” मी म्हटलं. “राहावं लागलं तर.”

“मी? माले कथी येस रांगोयी?”

“रोशनी दाखवील. खूर वाकडे आले तरी चालतील. मोजणी सोडू नका.”

“आनि रेघ उघडी राहिनी तं?”

“राहू द्या,” मी म्हटलं.

चार पावलं गेले असेन. मागून त्यांनी विचारलं, जरा मोठ्यांदा, ट्रकच्या आवाजावरून, “येशी ना परत?”

“येसू,” मी म्हटलं. किती वर्षांनी तो शब्द तोंडात आला. मग पदराची गाठ मुठीत धरली, आणि दोनशेसत्तर, एक, अठरा असं मनात म्हणत, कठड्याच्या कडेकडेने चालू लागले.